ओटीचा हिशेब
परवा चाकणहून चुलतभावाचा फोन आला. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो ठेकेदाराकडे आहे. "दादा, आज डबल मारली." म्हणजे सोळा तास. ओटी, म्हणजे ओव्हरटाइमचा पैसा, विचारला तर हसला. "साधाच रेट. नाही म्हटलं तर गेटवर दुसरा उभा आहेच."

नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये आठवड्याचे सत्तर तास सांगितले, एल अँड टीच्या अध्यक्षांनी ते नव्वदवर नेले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस कायम, ओटी दुप्पट. पण दुप्पट दर १९४८ च्या कारखाने कायद्यातही होताच की!

बारा तासांच्या दोन पाळ्या आणि प्रत्येकाला चारच दिवस काम, तर माणसं आठ तासांच्या तीन पाळ्यांइतकीच लागतात. पाचव्या-सहाव्या दिवशीही तोच उभा राहिला, तर तीन माणसांचं काम दोघांत उरकतं. तिसरा गेटबाहेर. दुप्पट दर म्हणजे कामगाराला खूश करायची बक्षिसी नव्हे; नवा माणूस घेणं मालकाला स्वस्त पडावं म्हणून घातलेलं ते कुंपण आहे. साध्या रेटने ओटी झाला की कुंपण आडवं.

इथे जर्मनीत, स्टुटगार्टजवळ, आमच्या कारखान्याच्या गेटवर कार्ड टेकवलं की पडद्यावर आकडा येतो. माझा सध्या अधिक ३७. जादा तास खात्यात साठतात. ऑर्डर कमी असली की फोरमनच म्हणतो, घरी जा. २००९ च्या मंदीत जर्मनीची अर्थव्यवस्था पाच टक्क्यांहून जास्त आक्रसली, तरी बेरोजगारी फारशी वाढली नाही. या खात्यांनी आणि 'कुर्त्सआर्बाइट'ने सावरलं: तास कापायचे, हातात पडणाऱ्या पगारातला जो भाग बुडाला त्याचे ६० टक्के (मूल असेल तर ६७) बेरोजगारी विम्यातून. ऐन मंदीत पंधरा लाखांच्या आसपास लोक त्यात होते.

फुकट काही नाही. पगारावर मालक आणखी साधारण पाचवा हिस्सा विम्यांपोटी भरतो. चार दिवसांच्या आठवड्याने समृद्धी टिकणार नाही, असं जर्मनीचे चान्सलर मेर्त्स २०२५ मध्ये म्हणाले, आणि त्यांचं सगळंच खोटं नाही. आमच्याकडची एक लाइन दोन वर्षांपूर्वी हलली. कुठे? चाकणलाच.

भावाला पगाराची स्लिप व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगितली. त्यात ओटीचा रकानाच नव्हता. 'इतर' म्हणून १,४०० रुपये होते.