फक्त हेलियम पुरेसा नाही
हवाईच्या बेसाल्टमधल्या (लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकातल्या) हेलियम-३ या हलक्या समस्थानिकाच्या, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंच्या, जास्त प्रमाणावरून त्या बेसाल्टचा स्रोत खोल प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, असल्याचं तुमच्या लेखात म्हटलंय, ते पटलं. पण हेलियमवरच थांबायला नको होतं. पॅसिफिकमधलं मांगाइया बेट लेखात यायलाच हवं होतं! तिथल्या लाव्हातल्या ऑलिव्हिन या हिरवट खनिजाच्या स्फटिकांत बंदिस्त सल्फाइडमध्ये (गंधकाच्या संयुगात) गंधकाच्या समस्थानिकांची जी खूण मिळाली, ती वातावरणात ऑक्सिजन वाढण्याआधी, म्हणजे साधारण २.४ अब्ज वर्षांपूर्वीच्याही आधीच्या काळातच उमटू शकते. तेव्हाचं भूपृष्ठावरचं द्रव्य प्रावरणात बुडालं, तिथेच टिकलं आणि सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून पुन्हा वर आलं. केवढी विलक्षण गोष्ट आहे ही! शिवाय खंडांवरच्या बेसाल्टबाबत सावध राहावं लागतं. वर येताना मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) कवचातले खडक वितळवून सामावून घेतो, आणि स्ट्रॉन्शियम, शिशाच्या समस्थानिकांची गुणोत्तरं बदलतात, त्यामुळे ती प्रावरणाचीच खूण आहे असं धरता येत नाही. त्यावरही लिहा, आवर्जून वाचेन.