चार वर्षं नगरसेवक नव्हते, म्हणून काय अडलं?

मुंबई-पुण्याच्या ग्रुपांवर एक मेसेज अजून फिरतोय: ‘चार वर्षं नगरसेवक नव्हते, काय अडलं? खाबूगिरी थांबली, कामं वेगात झाली, तक्रारीला ॲप आहे. महापालिकेवर कायमचा प्रशासकच बसवा.’ पाठवणारी माझ्या ओळखीची सरळमार्गी माणसं आहेत, म्हणूनच हे उत्तर.

आधी खाबूगिरी. नगरसेवकांची टक्केवारी मी नाकारत नाही. पण ७ मार्च २०२२ला मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. प्रस्ताव आणायचा त्यांच्याच प्रशासनाने, मंजूर करायचा त्यांनीच. आधी स्थायी समितीत, म्हणजे खर्चाचे प्रस्ताव मंजूर करणाऱ्या नगरसेवकांच्या समितीत, एखादा विरोधी सदस्य निविदेतली खोट काढायचा, प्रस्ताव परत जायचा किंवा दप्तरी दाखल व्हायचा, दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं. तो प्रश्न विचारणाराच उरला नाही. पैसा मात्र वाढत गेला: २०२२-२३चं बजेट सुमारे ४६ हजार कोटींचं, २०२५-२६चं ७४ हजार कोटींवर.

वेग म्हणाल, तर जानेवारी २०२३मध्ये रस्ते काँक्रिटीकरणाची सुमारे ६,००० कोटींची कामं पाच कंत्राटदारांना दिली. शहर भागातल्या, म्हणजे उपनगरं सोडून उरलेल्या मुंबईतल्या, कंत्राटदाराने कामच सुरू केलं नाही, शेवटी त्याचं कंत्राट रद्द करावं लागलं.

आता ॲप. आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं, मी फोटोसकट तक्रार टाकली. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर मेसेज आला, ‘तक्रारीचे निराकरण झाले’. तेव्हा मी त्याच पाण्यातून चप्पल हातात घेऊन चाललो होतो. माजी नगरसेवकाचं दार वाजवलं. तो म्हणाला, ‘काका, आता माझा फोनसुद्धा कोणी उचलत नाही.’ पूर्वी हाच माणूस मत जाईल या भीतीने रात्री साडेदहाला गटार साफ करायची जेटिंगची गाडी घेऊन यायचा. ॲपला ती भीती नसते.

राहिला कायमचा प्रशासक. ७४व्या घटनादुरुस्तीने पालिकेची मुदत पाच वर्षं ठरवली आणि ती संपण्याआधी निवडणूक घेणं बंधनकारक केलं. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले लांबले हे खरं, पण मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावेपर्यंत निवडणुका हलल्या नाहीत.

त्या झाल्या जानेवारी २०२६मध्ये. फेब्रुवारी २०१७मध्ये, मागच्या निवडणुकीला, शेजारची मुलगी सतरा वर्षांची होती. आपल्या प्रभागासाठी पहिलं मत तिने दिलं ते पंचविशी उलटल्यावर.