डायनासोरचं वय कार्बनवरून काढतच नाहीत

‘पृथ्वीचं वय कोट्यवधी वर्षं’ हा सगळा अंदाजपंचे कारभार आहे, असं ठासून सांगणारा एक संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातले मुद्दे असे: कार्बन डेटिंग बेभरवशाचं आहे, खडकाचं वय जीवाश्मावरून आणि जीवाश्माचं वय खडकावरून ठरवतात, डोळ्यांदेखत थिजलेल्या लाव्हाचं वय प्रयोगशाळेने साडेतीन लाख वर्षं सांगितलं, किरणोत्सर्गाचा वेग पूर्वी वेगळा नसेल कशावरून, आणि डायनासोरच्या हाडात मऊ ऊती सापडल्या, म्हणजे ते अगदी अलीकडचे.

कार्बनचा मुद्दा पहिल्याच पावलाला घसरतो. सजीवांच्या अवशेषांतला कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. पन्नासेक हजार वर्षांनंतर मोजण्याजोगं फारसं काही उरत नाही. डायनासोर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. त्यांच्यासाठी ही पद्धत कुणी वापरतच नाही, तेव्हा तिचे दोष काढून हाती काय लागणार?

खडक-जीवाश्माचं चक्र सांगणाऱ्यांनी सालं तपासावीत. कोणत्या थराखाली कोणते जीवाश्म येतात हे कालव्यांच्या खोदकामात पाहून विल्यम स्मिथने इंग्लंडचा भूशास्त्रीय नकाशा छापला तो १८१५ साली. किरणोत्सर्गाचा शोध १८९६चा. म्हणजे क्रम आधी लागला आणि आकडे नंतर, तेही वेगळ्याच वाटेने आले. थरांच्या मध्ये ज्वालामुखीची राख असते, राखेत झिरकॉन या खनिजाचे बारीक स्फटिक असतात. झिरकॉन घडताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेतच नाही. त्यामुळे आत सापडणारं शिसं बहुतेक नंतर, युरेनियमच्या ऱ्हासातून तयार झालेलं असतं. शिवाय युरेनियमची दोन समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याची वेगळ्या वजनाची रूपं) वेगवेगळ्या वेगाने ऱ्हास पावतात, म्हणजे एकाच कणात दोन घड्याळं. यात जीवाश्माला कुणी काही विचारत नाही.

लाव्हाची गोष्ट मात्र खरी आहे. अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्सवर १९८६ साली थिजलेल्या खडकाचं पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने वय आलं सुमारे साडेतीन लाख वर्षं. या पद्धतीत पोटॅशियम-४० पासून आर्गॉन वायू किती तयार झाला ते मोजतात. पण पोटॅशियम-४० निम्मा व्हायला १२५ कोटी वर्षं लागतात. काही वर्षांत त्यातून तयार होणारा आर्गॉन नगण्य. हे म्हणजे धान्याची पोती तोलायच्या काट्यावर अंगठी ठेवणं. त्यातून त्या खडकात आधीच खोलवर घडलेले स्फटिक होते, जुना आर्गॉन पोटात धरून बसलेले. अशा जास्तीच्या आर्गॉनची अडचण भूवैज्ञानिकांना ठाऊक होती, आणि ती ओळखायची रीतही त्यांनी काढली आहे.

तिची परीक्षा इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर झाली. इ.स. ७९च्या त्या उद्रेकाची हकीगत धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने पत्रांत लिहून ठेवली आहे, त्यामुळे उत्तर आधीच माहीत. १९९७ साली तिथल्या स्फटिकांवर आर्गॉन-आर्गॉन पद्धत, म्हणजे पोटॅशियम-आर्गॉनचीच सुधारित आवृत्ती, वापरली. त्यांतही थोडा जास्तीचा आर्गॉन निघाला, तो हिशेबात वेगळा काढला आणि वय आलं १,९२५ वर्षं, ९४ वर्षं इकडेतिकडे. खरं वय १,९१८. हा निकाल त्या संदेशात कधीच नसतो, का कोण जाणे.

वेग बदलला असेल, ही शंका वाजवी आहे. पण ती तपासता येते. १९८७ साली दिसलेला सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, सुमारे १.६८ लाख प्रकाशवर्षं दूर होता, म्हणजे त्याचा प्रकाश तितकी वर्षं प्रवास करून आपल्यापर्यंत आला. त्यातला किरणोत्सर्गी कोबाल्ट-५६ आपल्या प्रयोगशाळेतल्याच वेगाने ऱ्हास पावताना दिसला. म्हणजे १.६८ लाख वर्षांपूर्वीही वेग तोच.

मला त्याहून आवडतो तो प्रवाळांचा पुरावा, कारण त्यात किरणोत्सर्गाचा ऱ्हास मोजावाच लागत नाही. प्रवाळाच्या सांगाड्यावर रोज एक बारीक रेघ वाढते आणि वर्षाचा पट्टा वेगळा ओळखू येतो. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचं फिरणं मंदावतं, दिवस लाख वर्षांत साधारण दोन सेकंदांनी लांबतो. खडकांचं किरणोत्सर्गी वय ३८ कोटी वर्षं खरं धरलं, तर तेव्हाचा दिवस ७,६०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांहून थोडा जास्त, लहान असणार. वर्षाचे ८,७६६ तास भागिले २१.९, उत्तर ४००. १९६३ साली जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन वेल्सने त्या काळच्या प्रवाळांवर रेघा मोजल्या, वर्षाला सुमारे ४००! वय काही हजारच असतं, तर ३६५च निघायला हव्या होत्या.

राहिल्या मऊ ऊती. २००५ साली जीवाश्मशास्त्रज्ञ मेरी श्वाइट्झर यांनी टी-रेक्स या डायनासोरच्या मांडीच्या हाडातली खनिजं विरघळवली, तेव्हा लवचीक, रक्तवाहिन्यांसारख्या रचना उरल्या. ताजं रक्तमांस नव्हे. रक्तातल्या लोहाने त्या टिकल्या असाव्यात, असं त्यांचं म्हणणं. शहामृगाच्या रक्तवाहिन्या नुसत्या पाण्यात काही दिवसांत कुजल्या, हिमोग्लोबिनच्या द्रावणात दोन वर्षं टिकल्या. दोन वर्षं म्हणजे पावणेसात कोटी नव्हेत, त्यामुळे हा खुलासा पुरेसा आहे का यावर वाद चालू आहे. पण वाद आहे तो ऊती टिकल्या कशा याचा. त्या थरांचं वय ठरतं ज्वालामुखीच्या राखेवरून, आणि ऊती सापडल्याने त्या राखेतल्या आर्गॉनचं प्रमाण बदललेलं नाही.