काकांचं फुटबॉलपुराण
इंदूरात छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे खायला जमलो की आमच्या ग्रुपमधले एक काका सुरू, 'बॉल लाथाडायचे एवढे पैसे?' अहो काका, २०१७ साली नेमार या खेळाडूला घ्यायला पॅरिसच्या पीएसजी क्लबने मोजलेले २२ कोटी २० लाख युरो त्याच्या जुन्या क्लबच्या, बार्सिलोनाच्या खात्यात गेले, तो त्याचा पगार नव्हता हो, किती वेळा सांगायचं, आणि हे आपले पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरत 'हो पण तरीसुद्धा' म्हणणार. टीव्ही राइट्सचा अब्जावधींचा पैसा येतो, तो खेळणाऱ्यांना नाही द्यायचा तर काय मालकांच्या घशात घालायचा? (रोनाल्डोचं सौदीतलं पॅकेज माझ्याही डोक्यावरून जातं, ते सोडा.) आणि वर्ल्डकप आला की हेच काका मध्यरात्री फोन करून माझ्याच अ‍ॅपचा पासवर्ड मागणार, फुकटात!