सॉफ्ट कॉर्नर

अकरा वर्षांच्या एका मुलाने माझा अपमान केला, त्याला आज तीन दिवस झाले. तो काही वेडंवाकडं बोलला नाही. उलट दर वाक्याला 'सर' म्हणत होता. त्याने मला प्लॅस्टिकची एक पातळ पिशवी फुकट दिली, बस्स. पण ती ज्या नजरेने दिली, ती नजर मी ओळखतो. पावसात भिजून दाराशी आलेल्या मांजरापुढे आपण जुनं गोणपाट टाकतो ना, ती.

अमेरिकेत स्पोर्ट्‌स कार्डांची, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची, प्रचंड संमेलनं भरतात. ऑफिसातला एकजण अशाच एका संमेलनाला निघाला होता, त्याच्या गाडीत जागा होती. 'सहज बघायला येतो' असं मी म्हणालो खरा, पण आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? माझ्या शर्टाच्या खिशात मायकेल जॉर्डन होता.

हा जॉर्डन मला १९९० साली मामाने पाठवलेल्या पाकिटातून मिळाला. पाकिटात दहा-पंधरा खेळाडू होते, त्यातल्या एकाच माणसाचं नाव मला माहीत होतं. तो मी जपला. इंग्रजी-मराठी शब्दकोशात, 'जे'च्या पानांत. मी चार घरं बदलली, समुद्र ओलांडला, शब्दकोशाचा पुठ्ठा गेला, 'एक्स वाय झेड' ही अक्षरं गेली, पण जॉर्डन जागचा हलला नाही. हा माणूस एक दिवस आपल्याला वर काढणार, असं इतकी वर्षं मनात कुठेतरी होतं. विम्याच्या पॉलिसीबद्दलही मला कधी एवढी खात्री वाटली नाही.

हॉल इतका मोठा की 'हरवलो तर त्या खांबापाशी भेटू' असं आम्ही ठरवलं आणि नंतर लक्षात आलं की तसे चाळीस खांब आहेत. खांबांच्या मधे टेबलं, टेबलांवर काचेच्या पेट्या, पेट्यांत कार्डं, आणि या सगळ्यातून चाकांच्या बॅगा ओढत माझ्या पायांवरून जाणारी माणसं. प्रत्येक टेबलापुढे दोन स्टुलं असतात. त्यांवर बसलेले लोक डॉलरला एक अशा कार्डांच्या लांबोड्या खोक्यांत अंगठा चालवत असतात, कॅशियर नोटा मोजतो तशा वेगाने, आणि उठत नाहीत. अडीच तासांनी मला एक रिकामं स्टूल दिसलं. टेकलो. टेबलवाल्याने विचारलं, "काय शोधताय?"

"बसायला जागा," मी खरं ते सांगितलं.

"स्टूल गिऱ्हाइकांसाठी आहे."

तिकीट काढून आत आलेल्या माणसाला बसायचं असेल तर त्याने आधी काहीतरी विकत घ्यायचं, हा नियम कोणी काढला हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे. पण ते जाऊ दे. उठलो.

इथली भाषा वेगळी. उघडं कार्ड म्हणजे 'रॉ'. ते तपासणाऱ्या कंपनीकडे पैसे भरून पाठवायचं. ती भिंगातून बघते, दहापैकी मार्क देते आणि कार्ड जाड प्लॅस्टिकमध्ये कायमचं बंद करते. त्याला म्हणायचं 'स्लॅब'. नऊ मार्क आणि दहा मार्क यांच्यात नुसत्या डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही. किमतीत मात्र मोटारसायकल आणि मोटार यांच्याएवढा असू शकतो. या मार्कांवर लोकांची श्रद्धा अशी, की बोलायची सोय नाही. मला माझ्या सहकाऱ्यानेच गाडीत सांगितलं होतं, की या धंद्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या कंपनीने १९९१ साली तपासलेलं पहिलंवहिलं कार्ड म्हणजे होनस वॅगनर या बेसबॉलपटूचं, सिगारेटच्या पाकिटातून यायचं ते. शंभरेक वर्षांपूर्वीचं ते कार्ड म्हणजे दुर्मिळांतलं दुर्मिळ. त्याला आठ मार्क पडले. पुढे २०१३ साली ते कार्ड पूर्वी विकणाऱ्या माणसाने कोर्टात कबूल केलं की कडा चांगल्या दिसाव्यात म्हणून त्याने त्या कापल्या होत्या. म्हणजे पहिल्याच पेपरात कॉपी. तरी शाळा जोरात चालू आहे.

तर तो मुलगा.

तो हॉलच्या एका कोपऱ्यात जमिनीवर मांडी घालून बसला होता. त्याचं टेबल नव्हतं, म्हणून स्टूलही नव्हतं, आणि मी त्याच्याजवळ गेलो त्याचं खरं कारण म्हणजे तिथे भिंतीला टेकता येत होतं. समोर नंबर फिरवून उघडायची काळी पेटी, हिरे विकणारे नेतात तशी. आत कार्डं उभी लावलेली. मागे त्याचे वडील, पाण्याची बाटली धरून. सुरुवातीला मला वाटलं की दुकान वडिलांचं आणि मुलगा सोबत आलाय. पण वडिलांनी काही विचारायला तोंड उघडलं तेव्हा मुलाने नुसता तळहात वर केला, आणि वडिलांनी तोंड मिटलं.

"विकताय की बदलताय, सर?"

मी म्हटलं, नुसतं दाखवतोय. खिशातून जॉर्डन काढला. एवढ्या वर्षांनी तो पहिल्यांदा शब्दकोशाबाहेरच्या माणसाला भेटत होता. जरा कंठ दाटला होता, कबूल करतो.

मुलाने कार्ड कडेने धरलं. आधी एक काळं फडकं अंथरलं, त्यावर ते ठेवलं. मग डोळ्याला भिंग लावलं, पेनाएवढी विजेरी पेटवली, कार्ड तिरकं करून उजेड घरंगळत नेला. पारदर्शक पट्टी काढून चारही बाजूंच्या कडा मोजल्या. माझी बायपास झाली तरी डॉक्टर इतकं बघणार नाही. भोवती दोन-तीन माणसं थांबली. मी पोट आत घेऊन उभा राहिलो.

शेवटी त्याने मान वर केली आणि गंभीरपणे म्हणाला, "सॉफ्ट कॉर्नर्स."

मला भरून आलं. म्हटलं, पोराचा जीव आहे जॉर्डनवर! "मलासुद्धा!" मी म्हणालो. "मला तर लहानपणापासून आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. वडीलही बघत राहिले.

"नाही सर. कोपरे. चारही कोपरे बसलेत. मऊ झालेत. हे बघा." त्याने भिंग माझ्या हातात दिलं. माझ्या जॉर्डनचे कोपरे भिंगातून उंदराने कुरतडलेल्या पापुद्र्यासारखे दिसत होते. शब्दकोशाने केलं होतं ते. पस्तीस वर्षांत मी दर वेळी शब्द शोधायला तो उघडला आणि मिटला, तेव्हा तेव्हा कोपरा एक केस झिजला. एका अर्थाने माझ्या इंग्रजीची किंमत जॉर्डनने मोजली.

"छपाईही मध्यावर नाही, सर. साठ-चाळीस असेल. आणि इथे ओरखडा."

"तो पहिल्यापासून आहे," मी म्हटलं. हे बोलून काय साधलं, कोण जाणे.

"पण कोपरे चांगले असते तरी, सर…" इथे त्याने खांदे पाडले. "१९९० आहे ना. जंक वॅक्स."

म्हणजे काय, ते त्याने समजावून सांगितलं. स्वतःच्या जन्माआधीचा इतिहास, पण तोंडपाठ. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लोकांना कळलं की जुन्या कार्डांना पैसा येतो, कारण जुन्या पोरांनी ती फेकली. मग सगळ्यांनी कार्डं फेकणं बंद केलं. मुलांच्या कॉलेजच्या खर्चासाठी म्हणून लोक न फोडलेली खोकीच्या खोकी माळ्यावर ठेवू लागले, आणि कंपन्यांनी मागेल त्याला पुरेल एवढी आणि त्याहून कितीतरी जास्त छापली. मेणकागदी पाकिटांवरून त्यातलं 'वॅक्स', आणि 'जंक' म्हणजे जंकच. माझ्या बालपणाच्या काळाला या धंद्यात अधिकृत नाव आहे, आणि ते 'कचरा' असं आहे.

"म्हणजे हे किती लोकांकडे असेल?"

त्याने विचार केला. "सगळ्यांकडे," तो म्हणाला.

हे मला झोंबलं. कारण १९५२ सालचं मिकी मँटल या बेसबॉलपटूचं एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं, ते का, तर त्या मालिकेची ती शेवटची कार्डं तेव्हा कोणी घेतली नाहीत आणि कंपनीच्याच माणसाच्या सांगण्याप्रमाणे उरलेला माल १९६० साली बोटीत घालून समुद्रात बुडवला. ज्यांनी बुडवलं त्यांच्यामुळे मँटलचं सोनं झालं. मी आणि माझ्यासारख्या काही लाख गुणी मुलांनी जपून ठेवून जॉर्डनची माती केली. शाळेत आम्हाला टापटिपीला वेगळे मार्क असायचे, ते कुणाच्या फायद्यासाठी होते?

"दोन डॉलर," मुलगा म्हणाला. "पण तुम्ही विकू नका, सर. त्यापेक्षा सेंटिमेंटल व्हॅल्यू जास्त आहे."

भोवतीची माणसं पांगली. आणि तेव्हा त्याने ती पिशवी काढली. अडीच बाय साडेतीन इंचाचं कार्ड बसेल एवढी, एकेकाळी सेंटभराला पडायची म्हणून 'पेनी स्लीव्ह' म्हणतात ती. जॉर्डनला त्यात सरकवला आणि माझ्या हातात दिला. "फ्री आहे, सर. निदान धूळ तरी बसणार नाही."

मी निघालो असतो, तर हा लेखही इथेच संपला असता. पण तो म्हणाला, "याच सेटमधला मार्क जॅक्सन आहे का तुमच्याकडे?"

आणि त्याने आपल्या पेटीतून एक कार्ड काढलं. चुंबकाने मिटणाऱ्या जाड होल्डरमध्ये ठेवलेलं. एक खेळाडू चेंडू पास करतोय. "खेळाडू नका बघू, सर. मागे बघा. प्रेक्षकांत."

मागे अगदी मैदानालगतच्या खुर्च्यांवर दोन तरुण बसलेले. मेनेंडेझ बंधू. आईवडिलांचा खून १९८९ च्या ऑगस्टमध्ये, अटक १९९० च्या मार्चमध्ये, आणि मधल्या मोकळ्या काळात दोघेजण आले ते थेट बास्केटबॉलच्या कार्डावर. छापलं तेव्हा कोणाच्या डोळ्यांत आलं नाही. २०१८ साली कोणीतरी नीट बघितलं, आणि कवडीमोल जॅक्सनला लोक शोधत फिरू लागले.

"त्यांनी आईवडिलांना गोळ्या घातल्या," मुलगा त्याच उत्साहाने म्हणाला, ज्या उत्साहाने त्याने माझे कोपरे मोजले होते. मागे वडिलांनी पाण्याची बाटली या हातातून त्या हातात घेतली.

हा जॅक्सन माझ्याकडे होता. मला तो माणूस लख्ख आठवला. याचं नाव काय, हे विचारायचीही मी तसदी घेतली नव्हती. कपड्याच्या चिमट्याने तो मी सायकलच्या मागच्या चाकाला लावला होता, आऱ्यांवर आपटून फटफटीसारखा आवाज यावा म्हणून. आठवडाभर छान आवाज येत होता. मग त्याचा भुगा झाला.

"केवढ्याला?" मी विचारलं.

"पंधरा."

जगातला सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू दोन डॉलर, आणि पाठीमागे दोन खुनी बसले असतील तर कोणीही पंधरा. त्या हॉलमध्ये सकाळपासून चार खेळांतली सगळी मोठी माणसं प्लॅस्टिकमधून माझ्याकडे बघत होती. पण कोणी कुणाच्या एका बास्केटबद्दल, एका झेलाबद्दल, कुठल्या हरलेल्या सामन्याबद्दल बोलताना मी ऐकलं नाही. बोलणं एकच, शेवटचं कितीला गेलं. कार्डाच्या मागच्या बाजूला खेळाडूची सगळी आकडेवारी बारीक अक्षरांत छापलेली असते. लहानपणी मी जॉर्डनची पाठ केली होती. मागची बाजू उलटून बघणारा माणूस मला दिवसभरात एकच दिसला, आणि तो डाग शोधत होता.

तरी मी घासाघीस केली. त्याचं कारण विचारू नका. "जॉर्डन घे आणि वर दहा डॉलर देतो," मी म्हणालो.

मुलाने दोन्ही कार्डांकडे पाहिलं. "नुसते पैसे दिलेत तर पंधरा, सर. जॉर्डन द्यायचा असेल तर सोळा."

"सोळा? जास्त?"

"मला तो सांभाळावा लागेल ना."

इथे वडील हसले. दिवसभरात त्यांना मिळालेली ती बहुधा एकुलती एक संधी होती.

मी पंधरा दिले. मुलाने जॅक्सनला होल्डरमधून अलगद काढला, कारण होल्डर त्याचा होता, आणि तसाच उघडा माझ्या हातावर ठेवला. "गुड पिकअप, सर."

"याला पिशवी?"

"फ्री एकच असते, सर. आणि सुटी विकत नाही. शंभरचं पाकीट येतं, तीन डॉलर."

मार्क जॅक्सन आता शब्दकोशात आहे, 'जे'मध्येच, जॉर्डनच्या शेजारी. शब्द शोधायचा झाला तर मी फोनवर शोधतो. आणि कोणाला हव्या असतील तर माझ्याकडे नव्व्याण्णव पिशव्या आहेत.