रेकॉर्डवर नसलेले आपण

गुन्ह्याचं समाजशास्त्र शिकवायला घेते तेव्हा पहिल्या तासाला मी फळ्यावर काहीच लिहीत नाही. प्रत्येकाच्या हातात एक कोरी चिठ्ठी देते आणि सांगते, "कायद्याला मान्य नाही असं तुम्ही आयुष्यात काय केलंय आणि सापडला नाहीत, ते एका ओळीत लिहा. नाव घालू नका." आधी हशा होतो. मग वर्ग शांत होत जातो, डाव्या कोपराखाली कागद झाकले जातात. चिठ्ठ्या परत येतात त्या इतक्या बारीक घड्या घालून, की उघडताना कडेला फाटतात.

यंदा ४८ चिठ्ठ्या आल्या. एकही कोरी नव्हती.

लायसन्स नसताना गाडी चालवली. विनातिकीट प्रवास केला. आजारपणाचं खोटं सर्टिफिकेट जोडलं. वडिलांची सही केली. मित्राच्या जागी परीक्षेला बसलो. एकाने मामाच्या खात्यातून पैसे काढले होते, "पण नंतर परत भरले". एका मुलीने लिहिलं होतं, "भांडणात तिला ढकललं, तिचा हात मोडला, सगळ्यांना सांगितलं की ती पाय घसरून पडली."

मी नावाशिवाय काही चिठ्ठ्या मोठ्याने वाचते आणि मग विचारते, "या वर्गात गुन्हेगार किती?" आजवर एकही हात वर झालेला नाही.

या न उठणाऱ्या हातांबद्दलच मला आज लिहायचंय. कारण गुन्ह्याची एखादी बातमी आली की आपण सगळे, शिकलेसवरलेले धरून, एकच प्रश्न विचारतो: "असली माणसं असतात तरी कशी?" माझं म्हणणं असं की हा प्रश्नच अपुरा आहे. त्यात आपण आधीच जगाचे दोन भाग करून टाकलेले असतात आणि स्वतःला बिनबोभाट बऱ्या भागात बसवलेलं असतं.

चिठ्ठ्यांकडे परत येते. मी एक ओळ मागितलेली असते, पण निम्म्याहून जास्त मुलं दोन लिहितात, आणि दुसरी ओळ "कारण"ने सुरू होते. कारण सगळेच करतात. कारण कुणाचं काही बिघडलं नाही. कारण आधी त्याने शिवी दिली. कारण मित्र अडचणीत होता. १९५७ साली ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅत्झा या दोन अमेरिकन अभ्यासकांनी या "कारणां"चे पाच प्रकार मांडले: माझ्या हातात नव्हतं, नुकसान झालंच नाही, त्याची तीच लायकी होती, बोलणारे तरी कुठे धुतल्या तांदळाचे, आणि आपल्या माणसांसाठी केलं. त्यांचं मर्म असं, की नियम मोडणाऱ्यालाही नियम बहुतेक वेळा मान्यच असतो. मान्य नसता तर त्याला "कारण" शोधावंच लागलं नसतं. मला हा विचार फार मोलाचा वाटतो, कारण त्यातून दिसतं की चूक करणारा माणूस आपल्याच भाषेत बोलतो, परग्रहावरून आलेला नसतो. आपण मात्र ही दुसरी ओळ फक्त स्वतःला देतो. मी केलं तर परिस्थिती, त्याने केलं तर "गुन्हेगारी वृत्ती".

यंदाच्या चिठ्ठ्यांत एक वेगळी होती. अक्षर सुबक, शाई निळी. "आम्ही चौघे होतो. तिघे पळाले, मी सापडलो. अजूनही लोक मला त्याच नावाने ओळखतात." सूचना न सापडलेल्यांसाठी होती, तरी त्याने लिहिलं होतं. मी ती वर्गात वाचली नाही. कुणाची असेल ते मुलांनी दोन मिनिटांत ताडलं असतं.

त्या चार मुलांनी केलं एकच, पण समाजाने त्यातला एकच "तसला" ठरवला. विल्यम चॅम्ब्लिस या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या एका शाळेतल्या मुलांच्या दोन टोळक्यांचा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध केला. एका टोळक्यात चांगल्या घरची आठ मुलं. दुसऱ्यात गरीब घरची सहा. शाळा बुडवणं, दारू, चोऱ्या, तोडफोड, दोन्हीकडे होतंच. पण आठ जणांकडे गाडी होती, त्यामुळे ते लोकांच्या नजरेपासून लांब जाऊन उद्योग करत. पकडले गेलेच तर नम्रपणे माफी मागत. दोन वर्षांत त्यांच्यातल्या एकालाही अटक झाली नाही. ते सहा जण मात्र चौकात उभे असायचे, सगळ्यांना दिसायचे, उर्मटपणे उत्तरं द्यायचे, आणि पोलिसांशी त्यांची गाठ सतत पडायची. पुढे आठांपैकी सात जण कॉलेजात गेले. सहांपैकी दोघांना खेळाच्या शिष्यवृत्तीने वेगळी वाट दाखवली, तर दोघे खुनाच्या गुन्ह्यांत तुरुंगात गेले.

याआधी, १९५१ साली, एडविन लेमर्ट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने पहिलं विचलन आणि दुसरं विचलन असा फरक केला होता. विचलन म्हणजे समाजाच्या नियमापासून ढळणं. पहिलं आपल्या ४८ चिठ्ठ्यांसारखं, घडतं आणि विरून जातं. दुसरं सुरू होतं ते शिक्का बसल्यावर. नोकरी मिळत नाही, मित्र बदलतात, घरचेही कपाटाची किल्ली लपवतात, आणि माणूस हळूहळू त्या शिक्क्याभोवती आपलं आयुष्य बांधू लागतो. १९६३ साली हॉवर्ड बेकर या दुसऱ्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने आणखी पुढे जाऊन म्हटलं की विचलन हा त्या कृतीचा अंगभूत गुण नाहीच. इतरांनी नियम लावून शिक्का मारला, तो चिकटला, यातून ते घडतं. आपल्याकडच्या बातम्यांत "रेकॉर्डवरील गुन्हेगार" आणि "सराईत" हे शब्द रोज येतात. रेकॉर्ड कुणी लिहिलं, कुणाचं लिहिलं गेलं नाही, हे आपण विचारत नाही.

आपल्या देशाला तर हे कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार म्हणून नोंदवल्या. पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हालायचं नाही. पाळण्यातल्या मुलाचंही भवितव्य ठरलेलं. १९५२ मध्ये तो कायदा गेला, ३१ ऑगस्ट विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. तरी कुठे चोरी झाली की आधी कुणाच्या पालावर धाड पडते, हे त्या वस्त्यांमधल्या माणसांना विचारा.

आणि "अहो, पण आकडे बघा ना" म्हणणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. घडलेला गुन्हा आणि दाखल झालेला गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेझार लोम्ब्रोसो या इटालियन डॉक्टरने १८७६ साली जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडली, कैद्यांच्या कवट्या, जबडे आणि कान मोजून. मोजमापातल्या इतर चुका सोडा, मूळ घोटाळा असा की तुरुंगात सापडतात ते सापडलेले. न सापडलेल्या गुन्हेगारांची मापं कुणी घेतलीच नव्हती. आजही तक्रार लिहून घेतली गेली, तरच तिचा आकडा होतो. म्हणून अमेरिकेत १९७०च्या दशकापासून आणि ब्रिटनमध्ये १९८२ पासून घरोघरी जाऊन "तुमच्या बाबतीत काय घडलं" असं विचारणाऱ्या पाहण्या होऊ लागल्या. पोलिसांकडे न पोचलेलं कितीतरी त्यांतून बाहेर आलं. बायकांवरच्या अत्याचाराच्या तक्रारी एखाद्या वर्षी वाढल्या, तर अत्याचार वाढले असतील किंवा तक्रार करायचं बळ वाढलं असेल. नुसत्या आकड्यावरून हे कळत नाही.

मुळात गुन्हा कशाला म्हणायचं हेही दगडावर कोरलेलं नसतं. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारू विकणं गुन्हा होता. इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. आपल्याकडे व्यभिचार २०१८ पर्यंत. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९५ मध्येच लिहून ठेवलंय की गुन्हा नसलेला समाज असू शकत नाही. सगळे संत एकत्र राहिले तरी तिथे बारीकसारीक चुकांनाच गुन्ह्याचं वजन येईल. याचा अर्थ खून आणि विनातिकीट प्रवास सारखेच, असा कुणी काढू नये.

एडविन सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं. १९३९ साली त्याने पांढरपेशा गुन्हेगारी ही कल्पना मांडली. गुन्ह्याचं मूळ गरिबीत आणि बिघडलेल्या घरात शोधणाऱ्या आपल्याच क्षेत्राला त्याने विचारलं की मग प्रतिष्ठित, खात्यापित्या माणसांनी धंद्यात केलेल्या गुन्ह्यांचं काय? त्याने ७० मोठ्या अमेरिकन कंपन्यांचं रेकॉर्ड तपासलं. त्यांच्याविरुद्ध न्यायालयांचे आणि सरकारी आयोगांचे मिळून ९८० निर्णय निघाले, म्हणजे सरासरी कंपनीमागे १४. माणसाला आपण ज्या अर्थाने सराईत म्हणतो, त्या अर्थाने यांतल्या बहुतेक सराईत होत्या. पण १९४९ मध्ये पुस्तक निघालं तेव्हा बदनामीच्या दाव्याच्या भीतीने कंपन्यांची नावं काढावी लागली. ती छापून यायला १९८३ उजाडलं. त्या निळ्या शाईच्या मुलाचं नाव किती दिवसांत सगळ्यांना कळलं असेल?

"मग ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांचं काय?" हे कुणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच हवं. समजून घेणं म्हणजे सोडून देणं नव्हे. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी चोरी झाली. सगळे ड्रॉवर उपडे आणि आईच्या पलंगावरच्या चादरीवर बुटाचा एक पूर्ण ठसा. आईने ती चादर धुतली नाही, टाकून दिली. पुढे वर्षभर ती पॅसेजमधला दिवा लावून झोपायची. तेव्हा त्या माणसाला शिक्षा व्हावी असं मला मनापासून वाटलं, आजही वाटतं.

पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. चौकशीला आलेल्यांनी विचारलं, "घरी कामाला कोण येतं?" आणि मी नाव सांगितलं. संशय होता का? नव्हता. त्या मावशी नऊ वर्षं आमच्याकडे येत होत्या. पण वाक्य तिथेच थांबवायचं की "माझा त्यांच्यावर काडीचाही संशय नाही" असं पुढे म्हणायचं, हे माझ्या हातात होतं, आणि मी थांबले. त्यांना बोलावून सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. काही निघालं नाही, निघण्यासारखं काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी त्या दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "ताई, तुम्ही माझं नाव का घेतलंत?" माझी दुसरी ओळ तयार होती: कारण पोलिसांनी विचारलं. मी त्याच वर्षी वर्गात बेकर शिकवत होते.

आपल्या भाषेत संशयित, आरोपी आणि दोषी असे तीन वेगळे शब्द आहेत. त्यांच्यामध्ये तपास, पुरावा आणि न्यायालय येतं. फोटो फॉरवर्ड करताना आपण हे सगळं अंतर एका बोटाने पार करतो. जॉन ब्रेथवेट या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९८९ मध्ये लाज वाटायला लावण्याचे दोन प्रकार सांगितले. एकात कृतीचा धिक्कार होतो, पण माणसाला परत यायला वाट ठेवलेली असते. दुसऱ्यात माणूसच बाहेर टाकला जातो. पहिल्या प्रकाराने गुन्हे कमी होतात आणि दुसऱ्याने वाढतात, असं त्याचं प्रतिपादन आहे, आणि मला ते पटतं. मावशींना तर काही न करताच दुसरा प्रकार वाट्याला आला.

त्यांची आणखी दोन कामं सुटली होती. मी त्या दोन्ही घरी जाऊन सांगितलं की चूक माझी आहे, त्यांच्याविरुद्ध काहीही नव्हतं. एका घराने त्यांना परत बोलावलं. दुसऱ्या घरच्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि दाराशी सोडायला येताना म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ते खरं असेल हो. पण पोलिसांनी बोलावलं, म्हणजे काहीतरी असणारच ना."