झाँ मुलँचा मफलर

आमच्या शाळेच्या ग्रुपवर परत तेच फॉरवर्ड आलंय. दुसऱ्या महायुद्धात नाझींविरुद्ध लढलेल्या फ्रेंच झाँ मुलँचा तो हॅट आणि मफलरवाला फोटो, खाली लिहिलंय की नाझींनी गळा चिरला तो व्रण झाकायला हा मफलर, या पठ्ठ्याने एकट्याने फ्रान्सचा भूमिगत लढा उभा केला, आणि शेवटी म्हणे तो रशियाचा हेर होता. हिरो पण आणि हेर पण, एकाच मेसेजमध्ये!

आधी मफलर. फोटो फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातला, त्याच्या जुन्या मित्राने हिवाळ्यात काढलेला, आणि गळ्याची जखम त्यानंतरची, जून 1940 ची. थंडी होती, मफलर घातला, विषय संपला. पुढे व्रण झाकायला तो मफलर वापरायचा हे खरंय, म्हणून ती गोष्ट याच फोटोला चिकटली.

आणि गळा नाझींनी नाही चिरला, त्याने स्वतः चिरला. तेव्हा तो शार्त्रला प्रीफेक्ट होता, आपल्याकडचा कलेक्टर समजा. जर्मन शहरात शिरले आणि त्याच्यापुढे कागद ठेवला की फ्रेंच फौजेतल्या सेनेगाली (फ्रान्सच्या आफ्रिकी वसाहतींमधल्या) सैनिकांनी बायकापोरांवर अत्याचार करून त्यांना मारलं, कर सही. ती माणसं खरं तर बॉम्बहल्ल्यात गेलेली. हा सही करेना, कित्येक तास बदडलं, रात्री मुद्दाम एका सेनेगाली कैद्याबरोबर कोंडलं. उद्या परत मारलं तर आपण सही करून बसू या भीतीने याने जमिनीवरची फुटकी काच उचलली आणि गळ्यावर फिरवली. सकाळी पहारेकऱ्यांना रक्तात पडलेला सापडला, वाचला. सही मात्र नाही म्हणजे नाहीच.

एकट्याने वगैरे काही नाही. काँबा, लिबेरासिआँ या भूमिगत संघटना आधीपासून होत्या, त्यांचे पुढारी एकमेकांशी भांडायचे आणि याच्याशीही. लंडनहून लढा चालवणाऱ्या जनरल द गॉलने जानेवारी 1942 मध्ये याला पॅराशूटने उतरवलं ते सगळ्यांची मोट बांधायला. 27 मे 1943 ला पॅरिसमध्ये 8 संघटना, 6 पक्ष आणि 2 कामगार युनियन एकत्र बसवल्या, आणि महिना व्हायच्या आत, 21 जूनला, ल्योंजवळ एका डॉक्टरच्या घरी पकडला गेला. ल्योंच्या गेस्टापोचा (नाझी गुप्त पोलिसांचा) प्रमुख बार्बी, त्याने हाल हाल केले, 8 जुलैला गेला.

राहिला रशियाचा हेर. युद्धाआधी तो पिएर कॉ या डाव्या मंत्र्याच्या ऑफिसात होता, त्यावरून उठलेलं हे. मुलँचा भूमिगत काळातला सेक्रेटरी दानिएल कॉर्दिए तरुणपणी कट्टर उजवा, राजेशाहीवाला, आणि 1977 मध्ये टीव्हीवर मुलँ छुपा कम्युनिस्ट होता हा आरोप तोंडावर ऐकल्यावर तोच माणूस कागदपत्रं उपसायला बसला, खंडच्या खंड लिहिले आणि आरोप खोडून काढला.